‘रिच डॅड’चा सल्ला आपण कितपत घ्यावा?

जळगाव काय किंवा धुळे काय, कोणत्याही अभ्यासिकेत जाऊन पाहावे. स्पर्धा परीक्षांच्या जाडजूड मार्गदर्शकांशेजारी एक पुस्तक बहुधा आढळतेच. ते म्हणजे रॉबर्ट कियोसाकी या अमेरिकन लेखकाचे ‘रिच डॅड पुअर डॅड’. मूळ इंग्रजी पुस्तक १९९७ साली निघाले आणि त्याचा मराठी अनुवाद आपल्याकडेही भरपूर खपला. पोलीस भरतीची तयारी करणारा, डी.एड. होऊन बसलेला, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला, असे सर्व प्रकारचे विद्यार्थी ते वाचतात. त्यातील विचार वहीत उतरवून ठेवतात आणि मग घरी वडिलांशी वाद घालतात.

या लेखकावर विश्वास ठेवावा काय, असे आम्हाला विद्यार्थ्यांनीही विचारले आणि पालकांनीही. विद्यार्थ्यांना ‘होय’ हे उत्तर हवे होते, पालकांना ‘नाही’. आम्ही पुस्तक पुन्हा वाचले, लेखकाविषयी जे जाहीरपणे उपलब्ध आहे ते पाहिले, आणि जे हाती आले ते येथे मांडत आहोत. कोणाची निंदा करण्याचा हेतू नाही. परंतु ज्या घरात वाचवलेले दोन-तीन लाख रुपये हीच तीस वर्षांची कमाई असते, त्या घरातील मुलाने कोणाचे ऐकावे हा केवळ ग्रंथपरीक्षणाचा प्रश्न राहत नाही.

पुस्तकाचा गाभा थोडक्यात असा. लेखकाला दोन ‘बाप’. एक जन्मदाता, तो उच्चशिक्षित, सरकारी नोकर, आयुष्यभर पैशाच्या चणचणीत. दुसरा मित्राचा बाप. तो फारसा न शिकलेला, पण उद्योगात पडून गडगंज झालेला. पहिला म्हणतो शीक आणि चांगली नोकरी धर. दुसरा म्हणतो पैशाला तुझ्यासाठी राबायला लाव. जे तुमच्या खिशात पैसा आणते ती मालमत्ता आणि जे खिशातून पैसा काढते ते दायित्व, असा सोपा हिशेब तो शिकवतो. नोकरी करून हप्ते फेडत राहणे म्हणजे उंदरांची शर्यत, असे त्याचे म्हणणे.

यात चांगले काही नाही असे आम्ही म्हणणार नाही. जमाखर्च लिहायला शिका, पगार वाढला म्हणून लगेच खर्च वाढवू नका, दिखाव्यासाठी कर्ज काढू नका, हे त्यात ठासून सांगितले आहे आणि ते खरे आहे. आपल्या समाजात लग्नासाठी काढलेली कर्जे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. शाळेत पैशाचा व्यवहार शिकवत नाहीत ही लेखकाची तक्रारही रास्त आहे.

पण त्या ‘गरीब बापा’कडे जरा नीट पाहावे. कियोसाकी यांचे वडील हवाई राज्याच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते. एका राज्याच्या शिक्षण खात्याचा प्रमुख ज्या पुस्तकात ‘गरीब’ ठरतो, त्या पुस्तकातील गरिबी आणि आपली गरिबी एकच नव्हे. आमच्या खान्देशातला बाप भुसावळच्या रेल्वेत खलाशी म्हणून लागला, वरणगावच्या आयुध निर्माणीत कामगार झाला, दीपनगरच्या वीज केंद्रात गेला, एस.टी.त वाहक झाला किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी झाला. त्याच्या आधीच्या पिढीला गावकीची कामे करावी लागत होती, दुसऱ्याच्या वावरात राबावे लागत होते. पहिल्या तारखेला ठरलेला पगार, आजारपणात रजा, म्हातारपणी निवृत्तिवेतन, या गोष्टी त्या घरात प्रथमच आल्या. त्या पगारावर पाठची भावंडे शिकली, बहिणींची लग्ने झाली, गावातल्या कुडाच्या भिंती विटांच्या झाल्या. अशा बापाला त्याच्याच मुलाने अमेरिकेतले पुस्तक हाती घेऊन ‘पुअर डॅड’ म्हणावे, याचे आम्हाला वाईट वाटते. असो, भावनेचा भाग बाजूला ठेवू.

लेखक विश्वासाला पात्र आहे काय, हे पाहताना प्रथम तो जे घडले म्हणून सांगतो ते तपासता येते काय, हे पाहावे लागते. ‘श्रीमंत बाप’ कोण होता, हा प्रश्न अमेरिकेतही अनेकांनी विचारला. ‘स्मार्टमनी’ या नियतकालिकाने २००३ मध्ये तो थेट लेखकाला विचारला, तेव्हा हॅरी पॉटरसारखीच ही दंतकथा राहू द्या, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. पुढे हवाईतील एका दिवंगत हॉटेल व्यावसायिकाचे नाव त्या संदर्भात घेतले गेले. परंतु त्या बापाने कोणता धंदा केव्हा केला, किती भांडवल घातले, किती वेळा तोटा सोसला, हे पडताळता येईल असे पुस्तकात काही नाही. बोधकथा म्हणून यास हरकत नाही. इसापाचा कोल्हा खरा होता काय, असे कोणी विचारत नाही. पण इसाप द्राक्षांच्या बागेत पैसे गुंतवा असे सांगत नव्हता. कियोसाकींच्या सल्ल्याचे सारे वजन ‘हे माझ्या डोळ्यांदेखत घडले’ यावर आहे, आणि नेमके तेच वाचकाला तपासता येत नाही.

यानंतरचा प्रश्न आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा: लेखकाचे स्वतःचे उत्पन्न कोठून येते? आपल्याकडचा शेतकरी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावरचे टपोरे बोंड पाहून भुलत नाही. तो विचारतो, हे बियाणे कोणाच्या वावरात लावले होते, पाऊस कमी झाला तेव्हा काय झाले, एकरी किती क्विंटल निघाले. पैशाच्या पुस्तकाला मात्र तोच शेतकऱ्याचा मुलगा हे प्रश्न विचारत नाही. कियोसाकी यांनी मालमत्तांचे व्यवहार केले असतील, नव्हे केले आहेतच. पण त्यांचे नाव जगभर झाले ते पुस्तके, ‘कॅशफ्लो’ नावाचा पटावरचा खेळ, व्याख्याने आणि शिबिरे यांमुळे. म्हणजे श्रीमंत कसे व्हावे हे सांगणे हाच एक मोठा धंदा झाला. त्यांच्या नावाने भरणाऱ्या शिबिरांवर कॅनडाच्या सीबीसी दूरचित्रवाणीने २०१० मध्ये टीकात्मक कार्यक्रम केला होता. स्वस्त शिबिरात बोलावून पुढे हजारो डॉलरचे अभ्यासक्रम कसे गळ्यात घातले जातात, ते त्यात दाखवले होते. २०१२ मध्ये त्यांच्या रिच ग्लोबल या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. लर्निंग ॲनेक्स या, त्यांची व्याख्याने भरवणाऱ्या संस्थेला सुमारे २.४ कोटी डॉलर द्यावेत असा न्यायालयाचा निकाल कंपनीविरुद्ध गेला होता. कियोसाकी स्वतः दिवाळखोर झाले नाहीत, दिवाळे निघाले ते कंपनीचे. कायद्याने यात गैर काही नाही. मात्र आपला मुलगा पतपेढीचे कर्ज काढतो तेव्हा त्याच्यामध्ये आणि कर्जामध्ये अशी कंपनी उभी नसते. तेथे मामाची जामीनदार म्हणून सही असते.

हा प्रकार अमेरिकेपुरता नाही. मोहम्मद नसिरुद्दीन अन्सारी हे ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने शेअर बाजाराचे शिक्षण देत आणि भरघोस नफ्याची ग्वाही देत. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाने, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्याविरुद्ध अंतरिम आदेश काढला. शिकवणीतून जमा झालेले सुमारे १७ कोटी रुपये वेगळ्या खात्यात ठेवण्यास त्यात सांगितले होते. त्याच आदेशात नोंद आहे की जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात या गुरूंना स्वतःच्या बाजारातील व्यवहारांत जवळजवळ २ कोटी ८९ लाख रुपयांचा तोटा झाला होता. शिष्यांच्या शुल्कात नफा आणि बाजारात तोटा! मराठी मंडळींत नाव असलेले प्रशिक्षक अवधूत साठे व त्यांची अकादमी यांच्याविरुद्धही डिसेंबर २०२५ मध्ये सेबीने अंतरिम आदेश काढून सुमारे ५४६ कोटी रुपये जप्त करण्यास सांगितले. नोंदणी नसताना सल्ला दिल्याचा प्रथमदर्शनी ठपका त्यात आहे. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. आम्ही कोणाला दोषी ठरवत नाही. परंतु सल्ला विकून मिळणारा पैसा आणि त्या सल्ल्याप्रमाणे वागून मिळणारा पैसा हे दोन वेगळे असतात, एवढे यातून दिसते.

विद्यार्थ्यांनी येथे एक गणित स्वतः करून पाहावे. एखादा महिन्याला ३ टक्के नफ्याची हमी देत असेल, तर एक लाख रुपयांचे दहा वर्षांत सुमारे ३४ लाख ७० हजार होतील आणि वीस वर्षांत सुमारे १२ कोटी. असे खात्रीचे साधन ज्याच्या हाती आहे तो हॉटेलचे सभागृह भाड्याने घेऊन पाच-पाच हजारांच्या पावत्या कशाला फाडील? खरी परिस्थिती सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे बाजारात, म्हणजे ‘एफ अँड ओ’मध्ये, उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. माणशी सरासरी तोटा दोन लाख रुपये. आपल्याकडच्या कित्येक शिक्षणसेवकांनी आणि कंत्राटी कामगारांनी मोबाईलवर याच बाजारात हात घातला आहे, हे सर्वांना ठाऊक आहे.

आता सल्ला आपल्या मातीत रुजतो काय ते पाहू. कर्ज काढून घर घ्या, ते भाड्याने द्या, भाडेकरू तुमचे कर्ज फेडील, हा या संप्रदायाचा आवडता मंत्र आहे. समजा, जळगावात सदनिकेसाठी २० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले. मासिक हप्ता सुमारे १८ हजार रुपये येतो आणि वीस वर्षांत एकूण ४३ लाखांच्या आसपास फेड होते. भाडे समजा ८ हजार मिळाले. उरलेले १० हजार दरमहा कोण भरणार? नोकरीच भरणार! ज्या नोकरीला शर्यतीतला उंदीर म्हणून हिणवले, तिच्याच पगाराची पावती बँक पहिल्यांदा मागते. शिवाय अमेरिकेत तीस वर्षे व्याजदर न बदलणारे गृहकर्ज सर्रास मिळते, आपल्याकडे दर बहुधा बदलता असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा कोणाचे हप्ते वाढले तर कोणाची मुदत लांबली. करसवलतींचे नियमही निराळे. आपल्यावर शंभर कोटी डॉलरहून अधिक कर्ज आहे आणि आपण बुडालो तर बँक बुडेल, अशा अर्थाचे कियोसाकी जाहीरपणे बोलले आहेत. आपला हप्ता थकला तर बँक बुडत नाही, बँकेचा माणूस दारात येतो आणि शेजारपाजार बघतो.

राहत्या घराला दायित्व म्हणण्याचेही तसेच. हिशेबशास्त्रात घर ही मालमत्ता आणि त्यावरचे कर्ज हे दायित्व. ज्यांना भाड्याने खोली मागताना आधी आडनाव विचारले गेले आहे, त्यांना स्वतःच्या घराची किंमत भाड्याच्या आकड्यात सांगता येणार नाही.

लेखकाची भाकितेही पाहावीत. २००२ मध्ये ‘रिच डॅड्स प्रॉफेसी’ या पुस्तकात त्यांनी २०१६ च्या सुमारास शेअर बाजार मोठ्या प्रमाणात कोसळेल असे सांगितले होते. २०१६ आले आणि गेले, अमेरिकेचा बाजार त्या वर्षी वरच गेला. पुढेही ते वारंवार महामंदीचे इशारे देत राहिले. भाकीत चुकणे हा गुन्हा नाही, हवामान खात्याचेही चुकते. पण चुकलेले भाकीत लेखक पुढच्या आवृत्तीत मान्य करतो काय, आपल्याविरुद्धचे मत वाचकापुढे ठेवतो काय, यावरून त्याची पारख होते.

या बाबतीत पैशावरच लिहिलेल्या एका दुसऱ्या पुस्तकाचे उदाहरण आपल्या घरातच आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो, त्या बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना त्यांचे लंडनमधील गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांची आहे. बाबासाहेबांचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, असे कॅनन यांनी त्या प्रस्तावनेतच स्पष्ट लिहिले आहे, आणि तरीही ग्रंथातील विचारांच्या ताजेपणाची दाद दिली आहे. आपल्याशी असहमत असलेल्या माणसाची प्रस्तावना घेऊन पुस्तक छापणारा लेखक आकड्यांच्या आधारावर उभा असतो, त्याला टाळ्यांची गरज नसते. आता ‘रिच डॅड’सारख्या पुस्तकांच्या पहिल्या पानांवरची स्तुतिपत्रे वाचून पाहावीत.

बाबासाहेबांच्या चरित्रातील आणखी एक प्रसंग या विषयाशी अगदी जवळचा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर, सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ मध्ये प्राध्यापक होण्यापूर्वी, त्यांनी शेअर व रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक छोटी पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेला सल्लागार तेव्हाच्या मुंबईत किती असतील? सुरुवातीला गिऱ्हाईक आले. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळले तेव्हा ते येईनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. त्या गिऱ्हाइकांनी सल्ला तपासला नाही, सल्लागाराची जात तपासली आणि आपलेच नुकसान करून घेतले. आज आमची मुले व्याख्यात्याची गाडी, घड्याळ आणि दुबईतील छायाचित्रे पाहून विश्वास ठेवतात, तेव्हा तीही सल्ल्याऐवजी सल्लागाराचे बाह्य रूपच तपासत असतात. कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपण विहारात वारंवार ऐकतो. तो पैशाच्या गुरूंनाही लागू करायला कोणाची हरकत असू नये.

एखादा म्हणेल, शंभर-दोनशे रुपयांच्या पुस्तकाचा एवढा बाऊ कशाला? पुस्तकाने कोणी बुडत नाही हे खरे. बुडतो तो पुस्तकानंतर येणाऱ्या पायरीवर. पुस्तक नोकरीविषयी तिटकारा निर्माण करते आणि मोकळ्या झालेल्या जागेत कोणीतरी योजना घेऊन येतो. साखळी पद्धतीने माल विकणाऱ्या मंडळींनी हेच पुस्तक सभासदांच्या हाती दिलेले आम्ही पाहिले आहे. कियोसाकींनीही त्या धंद्याची भलामण करणारे लिखाण केलेले आहे. खान्देशाला अशा योजनांचा अनुभव नवा नाही. नाशिकच्या के.बी.सी. कंपनीचे प्रकरण २०१४ मध्ये उघडकीस आले. थोड्या काळात रक्कम अनेक पट होईल या आशेने उत्तर महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी तिच्यात पैसे घातले होते. जळगावातच मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेच्या ठेवीदारांना २०१४-१५ च्या सुमारास ठेवी मिळेनाशा झाल्या आणि पुढे संस्थेवर अवसायक नेमावा लागला. दोन्ही ठिकाणी पैसे घालणाऱ्यांनी कागद पाहिला नव्हता, ओळखीचा माणूस पाहिला होता. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. एवढी साधी गोष्ट आमच्या पाहण्यातील कोणत्याही श्रीमंतीच्या पुस्तकात सापडली नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांना आमचे उत्तर असे. ‘रिच डॅड’ वाचायला हरकत नाही. जमाखर्चाची वही त्यातून सुरू झाली तर पुस्तकाची किंमत वसूल झाली. पण त्याच्या भरवशावर परीक्षेचा अर्ज भरायचा सोडू नये, नोकरीचा राजीनामा देऊ नये, आणि वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीला तर मुळीच हात लावू नये. धंदा करायचा असेल तर जरूर करावा. आपल्यातून व्यापारी निघालेच पाहिजेत. त्यासाठी दाणाबाजारात किंवा रावेरच्या केळीच्या व्यापारात एखाद्याच्या हाताखाली सहा महिने काढले तर उधारी, वसुली आणि नासाडी म्हणजे काय ते कळते. पालकांनाही एक विनंती. मुलाच्या हातून पुस्तक हिसकावून घेऊ नये. त्याच्याशेजारी बसून वरचे हप्त्याचे गणित कागदावर मांडावे. पगार कसा पुरवला हे आपण मुलांना कधी आकड्यांत सांगितलेलेच नसते.

शिबिराचे पैसे भरण्यापूर्वी सल्लागाराचा सेबी नोंदणी क्रमांक मागावा. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने आणि संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने सुरू होतो. नावांची यादी सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आम्ही फक्त शिक्षण देतो, सल्ला नाही, असे सांगणाऱ्यांसाठी सेबीने जानेवारी २०२५ मध्ये नियम स्पष्ट केला आहे. त्यांना शिकवताना मागील तीन महिन्यांतील बाजारभाव वापरता येणार नाहीत, असे त्यात म्हटले होते. कोणी वर्गात आजचा भाव दाखवून अमुक शेअर घ्या म्हणत असेल, तर तो शिकवत नसून सल्ला देत आहे आणि त्यासाठी नोंदणी लागते. आणि आपल्या वाचनालयांच्या चालकांनी ‘रिच डॅड’ ज्या फळीवर ठेवले आहे, त्याच फळीवर रिझर्व्ह बँकेच्या व सेबीच्या अर्थसाक्षरतेच्या पुस्तिकाही ठेवाव्यात. त्या फुकट मिळतात.